तबकडीतली ताई

चिमटाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. चहा, गुडघ्यांना तेल, मग तीन मजले उतरून चालत वर्कशॉप. पाचच्या सुमाराला शटर वर. किल्ली मालकांनी तिच्याकडेच दिली होती. इतक्या लवकर यायचं कारण साधं होतं. उजाडलं की रस्त्यावर ट्रक सुरू होतात. ट्रक गेला की टेबल थरथरतं. चिप जोडायला दिलेला सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, डाग निवत असताना टेबल थरथरलं, तर डाग वरून बरा दिसतो आणि आतून सुटलेला असतो. असा डाग काही दिवस चालतो, मग दगा देतो. चिमटाच्या हातचा माल परत आलेला मी पाहिला नाही. तिच्या शेजारच्या साच्याच्या मशीनवर मी निवृत्त होईपर्यंत होतो, म्हणून सांगू शकतो.

चिमटा हे तिचं नाव नव्हे. केसांच्या गाठीत ती कायम एक बारीक स्टीलचा चिमटा खोचून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पिना महाग झाल्यात." लग्न केलं नव्हतं. "करायचं राहून गेलं" असं सांगायची. दूध आणायचं राहून गेलं, हे माणूस ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात.

कामाचं स्वरूप आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टीव्हीला जोडून गेम खेळायची जुनी यंत्रं असतात. काहींत तबकडी घालतात, काहींत कॅसेट खुपसतात. तबकडी म्हणजे सीडीच. ती वाचायला यंत्रात एक भिंग असतं. त्या यंत्रांची भिंगं आता कुठे मिळत नाहीत. भिंग आंधळं झालं की तबकडी नुसती चकाकत कपाटात पडते. कॅसेटला भिंग नाही, फिरणारं काही नाही. आत बोर्ड, बोर्डावर चिपा. खुपसली की चालू. म्हणून शौकीन लोक आमच्याकडे यायचे आणि तबकडीतला गेम काढून कॅसेटमध्ये बसवून द्या म्हणायचे.

त्यात पहिलं काम कात्रीचं. कात्री हा आमचा प्रोग्रामर, तिशीतला, हेडफोन कानावर कमी आणि गळ्यात जास्त. तबकडीत जागा अफाट, कॅसेटमध्ये जेमतेम. मोठ्या घरातलं बिऱ्हाड एका खोलीत आणण्यासारखं ते. काय ठेवायचं, काय टाकायचं, काय घड्या करून कोंबायचं हे तो ठरवायचा आणि कापायचा. त्याने कापून दिलेलं चिपेत भरायचं, भरलेली चिप चिमटाने बोर्डावर डाग देऊन बसवायची, आणि बोर्डाला मी प्लास्टिकचं कवच करून द्यायचो. कात्री तिला मावशी म्हणायचा, ती त्याला कात्र्या. मला दोघं दादा म्हणायचे.

चिमटा राहायची ती खोली तिच्या आईवडिलांपासूनची. भाड्याची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईवडील लवकर गेले. मागे तीन भावंडं राहिली. थोरली ताई, मधली चिमटा, धाकटा भाऊ. घर ताईच्या पगारावर चालायचं. ती एका छोट्या ऑफिसात टायपिंगला होती. तिथे गेम बनवायचे, एवढंच चिमटाला माहीत होतं. एका सकाळी ताईने पर्स उचलली, दारात चप्पल चढवली, "येते गं" म्हणाली आणि गेली. ती गेलीच. ऑफिसातही पोहोचली नव्हती. चौकीत सांगितलं, दवाखाने पाहिले, ओळखीपाळखीच्यांकडे विचारलं. काही कळलं नाही. पुढे ते ऑफिसही बुडालं.

या "येते"वरून त्या भावंडांत आयुष्यभर वाद होता. घरातून निघताना "जाते" कुणी म्हणत नाही, "येते"च म्हणतात. भावाचं म्हणणं होतं, "येते म्हणजे जाते. भाडेकरू खोली सोडतानाही येतो म्हणतो, म्हणून काय तो येतो?"

चिमटा म्हणायची, "येते म्हणजे येते."

भाऊ लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. चिमटाने खोली सोडली नाही. दाराचा रंगसुद्धा बदलला नाही. उद्या ताई आली तर तिला दार ओळखू यायला हवं, हे ती उघड बोलायची. त्यात तिला लाज नव्हती. पण मधल्या काळात गुडघे गेले. जिना चढताना तिला प्रत्येक वळणावर बसावं लागायचं. आणि मी सांगतोय त्या वर्षी घरमालकाने खोल्या विकायला काढल्या. राहायचं तर विकत घ्या, नाहीतर उन्हाळ्याअखेर मोकळी करा. भावाने सांगितलं, माझ्या घराशेजारी तळमजल्यावर तुझ्यापुरती खोली बांधू, तुझी शिल्लक त्यात घाल, आयुष्यभर जिना चढायला नको. शिल्लक दोन्हींपैकी एकालाच पुरणार होती. चिमटा रात्रंदिवस हाच विचार करत होती. शेवटी एका सकाळी बोर्ड पुसता पुसता मला म्हणाली, "दादा, पाय ऐकत नाहीत. जाते भावाकडे." तिच्या तोंडून "जाते" मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती तबकडी आली.

एक चष्मेवाले गिऱ्हाईक घेऊन आले होते. त्यांना ती रद्दीच्या ढिगात सापडली होती. कव्हर उडालेलं, बनवणाऱ्यांचं नाव पुसट. अशी दुसरी तबकडी कुठे असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कात्रीने ती खिडकीच्या उजेडात धरली. चंदेरी थराला बारीक भोकं पडली होती. उजेड भोकांतून आरपार येत होता.

"सडलीय," कात्री म्हणाला. "एकदा वाचली जाईल. दुसऱ्यांदाची खात्री नाही."

वर्कशॉपमध्ये भिंग शाबूत असलेलं एकच यंत्र होतं. त्यात त्याने तबकडी घातली, तोंडाने शीळ घालत. टीव्हीवर एक लांब बोळ आला. अंधारा, दोन्ही बाजूंना बंद दारं, शेवटाला एक दिवा. बोळात कुणी नव्हतं. मग बाईचा आवाज आला.

"थांबा."

मी मशीनमधून कवच काढत होतो. आधी जळका वास आला, म्हणून वळलो. चिमटाच्या हातातलं डाग द्यायचं तापलेलं आयर्न एका चिपेवर टेकलेलं होतं आणि ती उचलतच नव्हती. चिप तपकिरी होऊन धुरावत होती. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिचं लक्ष टीव्हीकडे होतं.

"मावशी, अहो चिप!"

"परत लाव."

"परत लावली तर तबकडी—"

"कात्र्या, परत लाव म्हणते ना."

त्याने यंत्र बंद करून चालू केलं. बोळ आला. दिवा आला. "थांबा."

"ताई आहे," चिमटा म्हणाली. आवाज चढवला नाही. ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर सांगावं, तसं सांगितलं.

कात्री आधी हसला, मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर त्याने समजावलं, आणि ते पटण्यासारखं होतं. तबकडीला पुढचं शोधायला वेळ लागतो. तोवर खेळणाऱ्याने कंटाळू नये म्हणून असा एखादा देखावा दाखवतात, थांबा म्हणतात. छोट्या ऑफिसांना आवाजासाठी कलाकार परवडत नसत. ऑफिसातल्याच कुणाला तरी माईकसमोर बसवायचे. टायपिंगच्या बाईला बसवलं असेल.

"बोलली नाही कधी," चिमटा म्हणाली. "घरी येऊन सांगितलं असतं तर मी चिडवलं असतं ना. म्हणून नसेल बोलली."

गेम असा होता की एक लहान मूल त्या बोळातल्या घरात आईला शोधतं, आणि दारांमागून एक बाई त्याला वाट सांगते. ती बाई म्हणजे ताईचा आवाज.

सगळी तबकडी उतरवून घ्यायची ठरली. दुपार होती, शटर उघडं, रस्त्यावर ऊन. तरी आम्ही तिघं हळू बोलत होतो. यंत्र घुमत राहिलं. मध्येच एका जागी ते अडलं. भिंग पुढे जायचं, मागे यायचं, परत पुढे. त्याचा आवाज वरच्या मजल्यावर कुणी चपला घालून येरझाऱ्या घालाव्यात तसा येत होता. आमच्या वर मजला नाही, पत्रा आहे. कात्रीने दोनदा वर पाहिलं. मीही पाहिलं. चिमटाने पाहिलं नाही, ती यंत्रावर हात ठेवून उभी होती, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग एकदम घुमणं सरळ झालं. काम पुरं झाल्याचं कात्रीने सांगितलं. तबकडी बाहेर काढली तेव्हा चंदेरी थर वाळक्या सालीसारखा सुटून यंत्रात पडला. हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक राहिलं. त्यातून कात्रीचा तळहात दिसत होता.

आता आवाज फक्त कात्रीच्या कॉम्प्युटरवर होता, आणि कापायचं काम सुरू झालं. पहिली अडचण तिथेच आली.

"मावशी, कॅसेटमध्ये थांबावं लागतच नाही," तो म्हणाला. "खुपसली की पुढचं हजर. मग तो बोळ आणि ते 'थांबा' घालू कुठे?"

"आहे तिथेच घाल."

"पण थांबवू कशासाठी? कॅसेट काही शोधत नसते."

"तू थांबव तर खरं."

त्याने मान हलवली आणि एक खोटं थांबणं घातलं. ठरावीक वेळ बोळ दिसेल, आवाज येईल, मग खेळ पुढे. गिऱ्हाइकाला आवाजाचं फारसं पडलं नव्हतं, गेम चालला की झालं. सगळे आवाज ठेवायचे तर मोठी चिप लागत होती. तिचा फरक माझ्या पगारातून कापा, असं चिमटाने मालकांना सांगितलं आणि त्यांना बोलायची संधी न देता टेबलावर जाऊन बसली. तरीही जागा कमी पडलीच. तेव्हा कात्रीने शेवटचा उपाय केला. शांतता कापली.

हे मला नवीन होतं. मी विचारलं, "शांतता काय कापायची? तिथे काही नसतंच की."

"दादा, चिपेत बोलण्याला जेवढी जागा लागते तेवढीच गप्प बसण्याला लागते," तो म्हणाला. "दोन वाक्यांमधलं गप्प बसणं काढून टाकलं की भरपूर जागा होते."

त्याने ताईची सगळी वाक्यं एकाला एक लावून ठेवली, मध्ये श्वासाचीही जागा न ठेवता. कुठलं वाक्य कुठून कुठपर्यंत, याच्या खुणा केल्या. चिप भरली. चिमटाने ती पहाटे बसवली. त्या दिवशी मीही लवकर आलो होतो. इतका वेळ घेऊन डाग देताना मी तिला पाहिलं नव्हतं. प्रत्येक पायाशी हात थांबायचा, डाग चमकायचा, निवायचा, मग पुढचा. रस्ता बाहेर गप्प होता. एकही ट्रक आला नाही.

सकाळी तिचा भाऊ आला. ताईच्या आवाजाचं तिने त्याला कळवलं होतं. घरमालकाला कळवायची मुदत जवळ आली होती. त्याला बांधकामाचा माणूस ठरवायचा होता आणि बहिणीचं शेवटचं होकाराचं उत्तर हवं होतं. भाऊ तोंडाचा फटकळ, पण बहिणीसाठी त्याने बसायला खुर्ची ओढली आणि स्वतः उभा राहिला, हे मी पाहिलं.

"अगं, चल म्हणतो तर नखरे किती! वहिनीने पडदेसुद्धा शिवले तुझ्या खोलीचे."

"खोली बांधायच्या आधी पडदे? तुझी बायको धन्य आहे."

"मग? तुझ्यासारखी आहे का, आधी तीस वर्षं विचार करणारी?"

"गप्प बस. ताईचा आवाज ऐकायचाय ना? बस इथे."

"मला नाही ऐकायचा," भाऊ म्हणाला. पण गेला नाही.

कात्रीने कॅसेट खुपसली. लगेच बोळ आला. दारं, दिवा. आम्ही तिघं उभे होतो, एकटी चिमटा बसलेली.

"थांब."

भावाने माझ्याकडे पाहिलं. कात्रीने भुवया आक्रसल्या. तबकडीत "थांबा" होतं, ते आम्ही तिघांनी कितीदा तरी ऐकलं होतं. "थांबा" कुणालाही म्हणतात. "थांब" घरच्याला म्हणतात, धाकट्याला म्हणतात.

बोळ दिसत राहिला. मग खेळ पुढे सरकला. मूल चालत एका दाराशी आलं. दारामागून आवाज आला, अगदी स्वच्छ.

"येते. दार उघड."

भावाचा चेहरा पांढरा पडला. त्याने टेबलाला हात टेकवला. चिमटाने डोळे मिटले होते आणि ती मान हलवत होती, कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी.

कात्रीने कॅसेट उपटली आणि कॉम्प्युटरवर बसला. थोड्या वेळाने डोक्याला हात लावला. "चूक माझी. घसरलंय."

त्याने पडद्यावर दाखवलं. मुळात ताईची ओळीने तीन वाक्यं होती. "थांबा." मग "आत ये." मग "ते दार उघडू नकोस." मधली शांतता काढल्याने वाक्यं एकमेकांना चिकटली होती, आणि त्याच्या खुणा प्रत्येक वाक्यामागे थोड्या थोड्या आधी सरकत गेल्या होत्या. पहिल्या वाक्याचं शेपूट तुटलं, म्हणून "थांबा"चं "थांब" झालं. तिसऱ्याच्या पुढ्यात दुसऱ्याचा "ये" येऊन बसला आणि मागचं "ऊ नकोस" बाहेर राहिलं. "ये" आणि "ते" मिळून "येते". उरलं "दार उघड".

भाऊ मोठ्याने हसला. हसण्यात जोर जास्त होता. "बघ! मशीनची चूक. ती म्हणत होती उघडू नकोस, आणि हे म्हणतंय उघड. घाबरवलंत की लेको!"

"आवाज कुणाचा आहे?" चिमटाने विचारलं.

"आवाज तिचाच, पण शब्द—"

"शब्द कुणाचे आहेत?"

भावाने पडद्यावरच्या खुणा पुन्हा पाहिल्या. शब्दही तिचेच होते. ताईच्या तोंडून न निघालेलं त्यात एक अक्षर नव्हतं.

"अगं, पण ती असं म्हणालीच नव्हती," भाऊ म्हणाला.

"आता म्हणाली."

कात्री म्हणाला, "मावशी, खुणा सरकवायला मला फार वेळ लागणार नाही. दुसरी चिप भरून देतो."

"गिऱ्हाइकाला दे. ही माझी."

त्याप्रमाणे झालं. चष्मेवाल्यांना बरोबर कॅसेट गेली. तीत ताई नीट "थांबा" म्हणते आणि दार उघडू नकोस म्हणते. मी स्वतः ऐकलं, कवच बसवण्याआधी. चुकलेली कॅसेट चिमटाने नेली. कवच तिने काळं न घेता पांढरं मागितलं. मशीन धुऊन एका कवचासाठी पांढरं प्लास्टिक चढवायला मला अर्धा दिवस लागला. कुरकुर केली नाही.

भावाला तिने उत्तर दिलं नाही. "थोडं थांब" म्हणाली. तो चिडून गेला.

काही दिवसांनी टेबलावर डबा उघडता उघडता ती म्हणाली, "दादा, ते लांबतंय."

"काय लांबतंय?"

"बोळ. आधी ताई बोलली की लगेच पुढे जायचं. आता खूप वेळ दिसत राहतो."

कात्रीने ऐकलं. त्याने कॅसेट मागून घेतली, यंत्राला लावून आतला आकडा तपासला. घातला होता तोच होता. "चिपेत जे भरलं ते भरलं, मावशी. वाढत नाही, कमी होत नाही. तुम्हाला वाटत असेल."

"असेल," ती म्हणाली.

रविवारी तिने मला घरी बोलावलं. तीन मजले चढताना मला धाप लागली, तेव्हा तिचे गुडघे हे रोज करतात ते कळलं. खोली एकच. पलंग एक, टीव्ही आणि त्याला जोडलेलं कॅसेटचं जुनं यंत्र, खिडकीत वाळत घातलेले मोजे, भिंतीवर जुनं घड्याळ. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. तिने मला चहा दिला आणि पांढरी कॅसेट खुपसली.

"थांब," ताई म्हणाली.

आम्ही थांबलो. बोळ, दारं, दिवा. काही हलत नव्हतं. मी चहा फुंकून पीत होतो. अर्धा प्यायलो. खाली मुलांचा खेळ संपला, त्यांना कुणीतरी हाका मारून घरी नेलं. फरशीवरचं ऊन सरकून पलंगाच्या पायापाशी गेलं. कपातल्या उरलेल्या चहावर साय धरली. पडद्यावर तोच बोळ होता.

मी मनात हिशेब लावू लागलो. तबकडी थांबवायची तेव्हा ती काहीतरी शोधत असायची. तिच्यात भिंग होतं, ते मागेपुढे फिरायचं. या कॅसेटमध्ये फिरणारं काही नाही. मी स्वतः कवच बसवलं होतं. आत एक बोर्ड, काही चिपा आणि चिमटाचे डाग. मग हे कुणाला शोधत होतं?

मला एवढंच दिसलं, की बोळाच्या शेवटचा दिवा आधी होता त्यापेक्षा जवळ वाटत होता. डोळे चोळून पाहिलं तरी जवळच वाटला.

"येते. दार उघड."

चिमटा लगेच उठली. टीव्हीकडे नाही, खोलीच्या दाराकडे गेली. कडी काढली, दार सताड उघडलं. बाहेर जिन्याचा पॅसेज, रिकामा, शेजाऱ्यांच्या चपला. थोडा गार वारा आत आला. ती दाराला धरून बाजूला उभी राहिली, कुणाला आत यायला वाट द्यावी तशी. मग दार लोटून घेतलं आणि येऊन बसली.

"दरवेळी उघडतेस?" मी विचारलं.

"उघड म्हटल्यावर उघडायला नको?"

"आणि भाऊ? तळमजल्याची खोली?"

"त्याच्याकडे गेले तर दार कोण उघडेल?" ती म्हणाली. "घरमालकाने दुसऱ्याला विकलं, त्याने नवीन दार बसवलं, बेल लावली. तो उघडेल का?"

मी कप खाली ठेवला. मी निघालो. दारात चप्पल चढवताना सवयीने "येतो" म्हणणार होतो. जीभ अडली. नुसती मान हलवली.

उन्हाळ्याअखेर तिने खोली विकत घेतली. शिल्लक सगळी त्यात गेली. भाऊ वर्कशॉपवर येऊन सगळ्यांसमोर बोलला, एका चुकलेल्या कॅसेटपायी बाई वाया गेली, म्हातारपणी जिन्यावर पडून मरशील, वहिनीने शिवलेल्या पडद्यांचं आता काय करू. चिमटाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पडदे दे इकडे, मला लागतील." त्याला हसू आलं आणि रडूही आलं. पडदे त्याने खरंच पाठवले.

खोली घेतल्यावर तिच्याकडे फक्त महिन्याचा पगार राहिला. त्यातून वाचवत वाचवत तिने दुसऱ्या पावसाळ्यानंतर आणखी एक खरेदी केली. एक पलंग. लाकडी, नवीन, गादीसकट. तो वर न्यायला कात्री आणि मी गेलो. जिना अरुंद. प्रत्येक वळणावर पलंग उभा करावा लागला, पाय भिंतीला घासू नयेत म्हणून कात्री खालून खांदा देत होता आणि मी वरून ओढत होतो. दुसऱ्या मजल्यावर माझ्या हाताची कातडी सोलली. वर पोहोचलो तेव्हा तिने आधीचा पलंग भिंतीकडे सरकवून जागा करून ठेवली होती. नवा पलंग दाराजवळ लावून घेतला. त्यावर नवी चादर घातली, कोपरे ओढून, एक सुरकुती राहू दिली नाही. आमच्यापैकी कुणी त्यावर टेकलं नाही. चहा आम्ही उभ्यानेच प्यायलो.

मी निवृत्त झाल्यावरही कधीमधी तिच्याकडे जातो. जिना चढायला आता मलाही वळणावर बसावं लागतं. परवा गेलो तेव्हा ती खिडकीत चादर वाळत घालत होती. दाराजवळच्या पलंगावरची.

"ही कशाला धुतेस सारखी?" मी म्हटलं. "त्या पलंगावर तर कुणी झोपत नाही."

तिने चादरीचा कोपरा झटकला, दोरीवर सारखा केला आणि केसांतला चिमटा काढून त्याला लावला.

"मळते," ती म्हणाली.